तांब्याचा बंब: जुना दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा

12 नोव्हेंबर

गीझरची कॉइल पुन्हा जळाली. तीन वर्षांत ही तिसरी. मखमलाबादला आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की त्यात डाळ धड शिजत नाही. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर अंड्याच्या टरफलासारखं पांढरं कवच चढलेलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, या पाण्यात कुठलीही घाला, हेच होणार."

आईने सकाळीच विषय संपवला होता. "बंब आण. दादाच्या बांधावर एवढी लाकडं कुजतायत." खरं आहे. दादाने एप्रिलात दोन एकर जुनी थॉमसन द्राक्षांची बाग काढली. पंधरा वर्षांची खोडं मनगटापेक्षा जाड, आणि उन्हाळाभर वाळलेली.

दुपारी शाळेतून परस्पर जुन्या नाशकात गेले. भांडी बाजारामागच्या एका गल्लीत मोडीचं दुकान आहे, तिथे वाडे पाडताना निघालेली भांडी येतात. हंडे, घंगाळं, आणि कोपऱ्यात उलटा ठेवलेला बंब. काळा पडलेला, पोटाला दोन मोठे पोचे, तोटी गायब, तिच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली. पण सरळ उभा केला तेव्हा त्याचा बांधा बघून मी तिथेच बसले. पोटाचा उभा सांधा दाते पाडून एकमेकांत बसवलेला, पिवळ्या झाळीचा, म्हणजे पितळ वितळवून जोडलेला, आणि एकाही दात्याची जागा सुटलेली नाही. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलं होतं, ते कुणीतरी कानशीने घासून टाकलंय. खाली "नाशिक, सन 1951" तेवढं वाचता येतं.

वजन 9.8 किलो. मालक म्हणाले, मोडीला किलोमागे सातशेचा भाव आहे, अख्खा वापरायला नेताय तर आठशे. घासाघीस करून एकूण 7,500 ठरले. हजार रुपये विसार देऊन आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणला. पटला नाही तर परत. ही बोली मी मुद्दाम घातली. आवडलेली वस्तू एकदा घरात आली की तिचे दोष दिसेनासे होतात, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

13 नोव्हेंबर

नवे बघायला मेन रोडच्या बाजूने दोन दुकानं फिरले. तांब्याचा चाळीस लिटरचा, 6.2 किलो, 1,450 रुपये किलोने 8,990. लखलखीत. अंगठ्याने पोटावर दाब दिला तर पत्रा आत जाऊन टप्पकन परत आला. जस्ती लोखंडी पत्र्याचा साडेचार हजारांत मिळतो, पण आमच्या पाण्याला तो किती टिकेल याची कॉइल साक्षीदार आहे. तो विषय तिथेच सोडला.

जुन्याच्या कडेला दादाचं व्हर्निअर लावलं. 0.9 मिलिमीटर, म्हणजे 20 गेज (गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड). नव्याचा 24 गेजच्या आसपास, अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड. वजनातला फरक इथेच आहे. मापं दोन्हींची जवळपास सारखी: पोटाचा व्यास 35 सेंटिमीटर, मधल्या नळ्याचा 10.

ज्यांनी बंब कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी रचना लिहून ठेवते, पुढे सगळं त्यावरच येणार आहे. खाली चूल, तिला जाळी, जाळीखाली राखेची जागा. चुलीच्या डोक्यावर पाण्याचं पोट. पोटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उभा नळा, त्यातून जाळ आणि धूर वर जातो. पाणी नळ्याच्या भोवती असतं. म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटात शिरतो आणि वर निघून जातो. साध्या चुलीवरच्या पातेल्याला फक्त बूड तापतं, इथे बूडही तापतं आणि आतली अख्खी भिंतही. या नळ्याचा खालचा सांधा, जिथे तो पोटाच्या तळाला मिळतो, तो सगळ्यात जास्त सोसतो.

16 नोव्हेंबर

रविवार, पूर्ण दिवस मिळाला. आधी आत हात घालून चाचपलं. तळाशी गाळ होता, गोदावरीचा असतो तसला मऊ, राखाडी. नदीला मोठा पूर आला की पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरतं. 2008 ला शिरलं, 2016 ला शिरलं, 2019 लाही. हा बंब त्यातल्या एखाद्या पुरात तरी कुठेतरी बुडून पडला असावा. गाळाखाली क्षाराचा थर, जवळजवळ तीन मिलिमीटर, दगडासारखा.

पाण्याची चाचणी: खुंटीला रबर गुंडाळून पुन्हा ठोकली, पोट काठोकाठ भरलं, बाहेरून कोरडं पुसून नळ्याच्या आत आणि तळाला खडूची पूड लावली. ओल आली की पूड तिथे काळपट दिसते. दोन तास वाट पाहिली. खुंटीशिवाय कुठेही थेंब नाही. नळ्यात आरसा धरून टॉर्च मारला, तिथेही पूड पांढरीच.

खूप आनंद झाला. आईला म्हटलं, तोटी बसवली की झालं.

19 नोव्हेंबर

परवा रात्री क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड घातलं. अर्धा किलो, कोमट पाण्यात विरघळवून, वर पाणी घालून पोट भरलं. सातवीच्या मुलांना चुनखडी आणि व्हिनेगरचा जो प्रयोग दाखवते तोच हा, फक्त मोठ्या भांड्यात. फेस आला, कान लावला तर सोड्याच्या बाटलीसारखा आवाज. काल दिवसभर ठेवलं.

आज सकाळी मागची पडवी ओली. बंब अर्धा रिकामा.

नळ्यात पुन्हा आरसा धरला. तळाच्या सांध्यापासून वर चार बोटांच्या पट्ट्यात सात ठिकाणी पाणी झिरपत होतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं. म्हणजे रविवारी गळत नव्हतं ते तांबं धड होतं म्हणून नाही, आतून क्षाराने भोकं बुजवली होती म्हणून. मी क्षार काढला आणि खरी स्थिती उघडी पडली. जुना बंब घेणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं: पाणी भरून दाखवलं आणि गळलं नाही, यावर काही ठरवायचं नाही. आधी आतला थर काढायचा, मग भरायचं.

आम्लाचं निळसर हिरवं पाणी झाडांना घातलं नाही. तांबं उतरलेलं असतं त्यात. त्यात चुनखडीची भुकटी घालून आम्ल मारलं, साका बसू दिला, निवळ पाणी वेगळ्या बादलीत ठेवलं. साक्याचं काय करायचं ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सरांना विचारणार आहे.

20 नोव्हेंबर

विसाराची मुदत आज संपत होती. दुकानदारांना खरं ते सांगितलं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत वाढवून दिली आणि वर सांगितलं, "तांबट लेनमध्ये दाखवा, मग ठरवा."

संध्याकाळी रिक्षात घालून नेला. एकेकाळी त्या भागात सकाळपासून ठोक्यांचा आवाज यायचा असं आई सांगते. आता ठोका ऐकायचा तर घर शोधत जावं लागतं. ज्यांच्याकडे गेले ते काका सत्तरीचे आहेत. बंब खाली ठेवल्यावर त्यांनी आधी काही विचारलं नाही. लाकडी हातोडीने वरपासून खालपर्यंत हलके ठोके दिले, कान तिरपा करून. पोटाचा आवाज लांब घुमायचा. तळाजवळ बद्द.

"पोट चांगलंय. नळा मेलाय."

"भोकं बुजवता येतील का?"

"येतील की. सात बुजवीन, चार महिन्यांनी आठवं पडेल. ताई, पत्रा आतून खाल्लाय. भोक दिसतं तिथेच खाल्लंय असं नसतं."

त्यांनी नळ्याच्या आतल्या बाजूला नखाने काळं खरवडून दाखवलं. खाली करडा, मऊ थर होता. कुणीतरी पूर्वी शिसं-कथलाचा डाग (वितळवून घातलेला जोड) देऊन वर एम-सील थापलं होतं. "हे ज्याने केलं त्याला बंब कळत नव्हता," एवढंच म्हणाले.

पत्रा तिथेच का खाल्ला गेला, हे मी विचारलं. त्यांचं उत्तर आणि मला जे रसायन माहीत आहे ते इतकं जुळलं की लिहून ठेवते. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. हिवाळा संपल्यावर लोक बंब आहे तसा माळ्यावर टाकतात, राख आणि काजळी आतच. पावसाळ्यात हवेतली ओल राखेत मुरते, ती चिकट होऊन चार महिने तांब्याला बिलगून राहते. हा झाला बाहेरून मार. आतून क्षाराचा थर. पाणी तांब्याला लागून असेल तोवर खाली कितीही जाळ असला तरी तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी उष्णता ओढून घेतं. थर मध्ये आला की ती वाट अडते आणि पत्रा भलताच तापतो. शिसं-कथलाचा डाग 183 अंशांपासूनच मऊ पडू लागतो.

काकांचा हिशोब: जुना नळा कापून काढायचा, 18 गेजचा नवा घालायचा, पितळी झाळीने. तांबं साधारण 1.9 किलो, 1,100 च्या भावाने. मजुरी 3,800. तोटी वेगळी. जुना नळा मोडीत ते घेतील.

23 नोव्हेंबर

आकडे मांडले.

बंब 7,500, नव्या नळ्याचं तांबं 2,090, मजुरी 3,800, पितळी तोटी 550, रिक्षाच्या खेपा 300. बेरीज 14,240. जुन्या नळ्याची मोड 1.4 किलो, 980 वजा. हाती येणारा खर्च 13,260.

नवा 8,990.

दुरुस्ती 4,270 रुपयांनी महाग. मी हे तीनदा तपासलं. दादा म्हणाला, "मग प्रश्नच कुठे आहे?" वहिनीचं म्हणणं, जुन्याला किंमत त्याच्या दिसण्याची, हॉलमध्ये झाड लावायला घे आणि पाणी नव्यात तापव. तसे बंब मी पाहिलेत, हॉटेलांच्या दारात मनीप्लांट लावलेले. मला ते बघवत नाही. चालणारं भांडं असं शोभेला उभं करायचं असेल तर मी विसार सोडून देईन.

पण मनात येतं म्हणून चार हजार जास्त द्यावेत, हेही मला पटत नाही. काहीतरी मोजता येण्यासारखं हवं.

28 नोव्हेंबर

वहिनीच्या माहेरी, म्हसरूळला, दोन वर्षांपूर्वी घेतलेला नवा बंब आहे, 24 गेजचाच. तो दोन दिवसांसाठी मागून आणला.

चाचणी अशी: 40 लिटर पाणी, सुरुवातीला 19 अंश, ते 60 पर्यंत न्यायचं. लाकूड वजन करून, सगळं द्राक्षाचं, अंगठ्याएवढी बंबफोड, म्हणजे बंबासाठी बारीक फोडलेले तुकडे. थर्मामीटर शाळेचा.

1.9 किलो लाकूड, 36 मिनिटं.

चाळीस लिटर पाणी 41 अंशांनी तापवायला सुमारे 6,870 किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेची 1.9 युनिटं. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण 15,000 किलोज्यूल धरले तर आपण 28,500 जाळले. पाण्यात गेली जेमतेम चौथाई. उरलेली वर आकाशात. हात नळ्याच्या तोंडावर एक फूट उंचीवरही धरवत नव्हता.

मला वाटलं होतं पातळ पत्रा लवकर तापेल आणि जाड उशिरा, निदान लोक तसं म्हणतात. तसं कारण नाही. तांबं उष्णता इतकी सहज पुढे देतं की अर्धा मिलिमीटर काय आणि एक काय, अडथळा तिथे नसतोच. अडथळा आहे धुराकडून तांब्याकडे उष्णता जाण्यात, आणि काजळी बसली की आणखी. म्हणजे जाडीचा पाणी तापण्याशी संबंध नाही. ती फक्त पोचे आणि झीज यांच्यासाठी. वजनाच्या बाजूने माझा जो कल होता तो इथे निम्मा झाला.

मग हा बंब रिकामा करून उलटा केला आणि त्याच्या नळ्याचा सांधा पाहिला. करडा. सुईने ओढलं तर लोण्यासारखा ओरखडा पडला. शिसं किंवा कथील, मऊ डाग. जुन्याच्या पोटाच्या पिवळ्या सांध्यावर तीच सुई घसरते.

पहाटेच्या अंधारात, झोपेत, पाणी न भरता जाळ घातला, असं प्रत्येक बंबाच्या घरात कधीतरी होतं. आमच्या लहानपणी आत्याकडे झालं होतं. मऊ डागाचा बंब त्या पाच मिनिटांत संपतो. झाळलेला काळा पडतो, वाकतो, पण सांधा सोडत नाही. पितळाची झाळ वितळायला नऊशेच्या आसपास अंश लागतात.

29 नोव्हेंबर

नव्या बंबाच्या दुकानात पुन्हा गेले. विचारलं, याच मापाचा, 20 गेजमध्ये, झाळलेल्या सांध्याचा करून मिळेल का? मिळेल. दहा किलोच्या घरात, 1,450 ने, साडेचौदा हजार, आणि करणारा माणूस कधी देईल ते सांगता येत नाही.

आतापर्यंत मी चुकीच्या जोड्या लावत होते. 13,260 ची तुलना 8,990 शी नाही, 14,500 शी आहे. आणि त्यातही, जुन्याचा नळा पुन्हा कधी खाल्ला गेला तर पुन्हा कापून नवा घालता येतो, कारण पोटाचा पत्रा झाळीचा ताव सोसण्याइतका जाड आहे. काकांना मुद्दाम फोन करून विचारलं की 24 गेजच्या पत्र्यावर पितळी झाळ बसेल का. म्हणाले, बसेल, पण झाळ वितळेपर्यंत पत्रा हातात राहिला पाहिजे.

जुना ठरला. दुकानदारांना उरलेले 6,500 दिले.

एक अट स्वतःवर घातली आहे आणि ती घरात सगळ्यांना सांगितली: बंब मागच्या उघड्या पडवीत राहील. न्हाणीघरात नाही, दार लावून तर कधीच नाही. आईच्या छातीला धूर चालत नाही, आणि बंद खोलीत निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वासही देत नाही. पडवीतून दोन बादल्या उचलून आत न्याव्या लागतील. त्या मी नेईन.

6 डिसेंबर

काकांनी बोलावलं होतं, "नळा झाळताना बघायचा असेल तर सकाळी या."

जुना नळा आधीच कापून बाजूला पडला होता. उजेडात धरला तर खालचा भाग चाळणीसारखा. मला सात दिसली होती, तिथे मोजायचंच सोडून दिलं. पोटाचा आतला भाग पहिल्यांदा नीट दिसला. डागाचं सगळं शिसं त्यांनी खरवडून, तापवून, पुसून काढलं होतं. शिसं थोडंही राहिलं तर झाळीच्या तावात ते तांब्यातच शिरतं आणि सांधा ठिसूळ होतो. तरीही त्यांनी बजावलं की या बंबाचं पाणी अंघोळीला, धुण्याला. प्यायला किंवा आमटीत नाही. कल्हईबद्दल विचारलं तर म्हणाले, अंघोळीच्या बंबाला कशाला.

नवा पत्रा गोल करून त्याच्या कडेला दाते पाडले होते, एक वर एक खाली. सांधा बसवला, लाकडी ठोकळ्यावर चढवून ठोकत गेले. थोडं ठोकल्यावर तांबं कडक होतं, हातोडी उसळायला लागते. तेव्हा ते भट्टीत लाल करून सरळ पाण्यात बुडवलं. चर्रर्र. बाहेर आलं ते मऊ, हाताने वाकेल इतकं. पोलाद असं तापवून बुडवलं तर कडक होतं, तांब्याचं उलट. वीस वर्षं हे मी फळ्यावर शिकवते आहे. डोळ्यांसमोर आज पाहिलं, आणि सोमवारी वर्गात कसं सांगायचं याचा विचार तिथेच सुरू झाला.

झाळ म्हणजे पितळाचा बारीक कीस आणि सवागी (टाकणखार), पाण्यात कालवून केलेला लगदा. तो सांध्यावर बोटाने भरला. मग सांधा तापवायला सुरुवात. भात्याऐवजी आता ब्लोअर आहे, बाकी कोळशाचीच भट्टी. सवागी आधी पांढरी फुगली, लाहीसारखी, मग काचेसारखी वितळून पसरली. तांबं लाल, मग केशरी. तांबं स्वतः 1,085 अंशांना वितळतं आणि झाळ त्याच्या जेमतेम दीडशे-पावणेदोनशे अंश खाली. थर्मामीटर नाही, काही नाही. काका फक्त रंग बघत होते, आणि बघता यावा म्हणून त्यांनी खिडकीला पोतं लावून खोलीत अंधार केला होता. एका क्षणी सांध्यावरून एक चमकदार रेघ पाण्यासारखी पळाली, या दात्यातून त्या दात्यात. "आली," म्हणाले, आणि चिमटा मागे घेतला. मला वाटतं ते पाच-सहा सेकंद असतील.

नळा पोटात बसवताना मात्र मी बाहेर थांबले. काम अवघड होतं आणि मी मध्ये बोलत होते.

मजुरी 3,800 कमी वाटते आहे. दोन दिवसांचं काम आहे हे. मी जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग त्यांच्या नातवासाठी दादाच्या मळ्यातली द्राक्षांची पहिली पेटी द्यायचं कबूल केलं, ते त्यांना चाललं.

निघताना विचारलं त्यांनी, "नाव घालायचं?" गळ्यावरचं जुनं नाव आधीच कुणीतरी पुसलं आहे, तिथे मला माझं घालायचं नाही. राखेच्या दाराच्या आतल्या बाजूला "नळा बदलला, 18 गेज" आणि सन एवढं कोरून घेतलं. पुढच्या दुरुस्तीला उपयोगी पडेल.

9 डिसेंबर

पोचे काढून, पोट मठारून (हलक्या ठोक्यांनी सारखं करून) मिळाला. बाहेरून घासायला आईने चिंच आणि मीठच घेतलं, दुसरं काही वापरू दिलं नाही. अर्ध्या तासात गुलाबी. चुलीचा भाग तसाच काळा ठेवला, तो परत काळा होणारच.

तोटी बसवली. वरच्या झाकणाला वाफेसाठी भोक आहे, ते मोकळं आहे ना हे काकांनी दोनदा पाहिलं. कुणाकडे तरी झाकण घट्ट बसवून तोटीला पाइप जोडलेला त्यांनी पाहिला होता. उकळत्या पाण्याची वाफ कोंडली तर पत्रा कितीही जाड असो, फुटतो. आमचं झाकण नुसतं ठेवलेलं राहील.

14 डिसेंबर

तीच चाचणी. 40 लिटर, 19 वरून 60 अंश, द्राक्षाची बंबफोड.

1.8 किलो, 35 मिनिटं. वहिनीकडच्या बंबाहून फरक नगण्य, अपेक्षा होती तसाच. गळती शून्य, खडूची पूड सकाळपर्यंत पांढरी.

आता वर जाणाऱ्या तीन चतुर्थांश उष्णतेचं बघायचं.

21 डिसेंबर

दादाच्या मांडवाची जुनी लोखंडी पट्टी, तीन सेंटिमीटर रुंद. शिकंज्यात धरून पीळ दिला, स्क्रूसारखी झाली, आणि नळ्यात वरून टांगली. धूर सरळ वर न जाता गिरक्या घेत, भिंतीला घासत जावा ही कल्पना. पहिल्या दिवशी धूर खाली चुलीच्या दारातून बाहेर आला, कारण पीळ फार जवळजवळ होता. पीळ सैल केला. 1.5 किलो, 37 मिनिटं. तीनशे ग्रॅम लाकूड वाचलं, म्हणजे पंचवीस टक्क्यांवरून तीसपर्यंत.

पण आठवड्यात पट्टीवर काजळी जाड बसते. दर रविवारी काढून झटकायची, नाहीतर फायदा उलटतो.

लाकडाबद्दल: खोडं वाळलेली होती तरी ऑक्टोबर छाटणीच्या काड्या ओल्या होत्या. पाच किलोची एक मोळी बांधून दर रविवारी तोलते आहे. 5, 4.4, 4, आज 3.8. वजन उतरायचं थांबलं की जाळायला घ्यायची. ओली काडी चरचरते, फेस काढते आणि तिचा अर्धा जाळ स्वतःलाच वाळवण्यात जातो. खोडांत रुतलेली तार कापून काढावी लागते. रंगवलेली फळी, प्लाय यांना चुलीत जागा नाही, मळ्यातल्या प्लॅस्टिकच्या सुतळ्यांनाही नाही. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो हे बुरशीनाशक मारलेलं असतं, त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. म्हणून ही राख मी भाजीच्या वाफ्यात घालत नाही.

4 जानेवारी

तोटीतून थेंब. वायसर बदलला, थांबला.

तीन आठवड्यांनी आत हात घालून पाहिलं: तळाशी पांढरी पूड बसायला लागली आहे. बोअरचं पाणी कुणाला सोडत नाही. फरक एवढाच की इथे हात आत जातो. महिन्यातून एकदा दोन चमचे सायट्रिक, तासभर, मग खळखळून काढायचं असं ठरवलं. अर्धा किलो घालून दोन दिवस ठेवण्याची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही. आम्ल तांब्यालाही थोडं खातंच.

गीझर भिंतीवर आहे तसाच आहे. कॉइल बदलून घेतली, पावसाळ्यासाठी. ओल्या दिवसांत पडवीत जाळ घालणं मला जमणार नाही, आणि तेव्हा लाकूडही सर्द होतं.

13 जानेवारी

भोगी. आईने तीळ वाटून ठेवले होते. पहाटे पाचला पडवीत थर्मामीटर 9 अंशांवर, टाकीतलं पाणी 16. जाळ धरायला आज वेळ लागला, शेवटी वाळलेली साल खाली घातल्यावर धरला. सव्वासहाला पहिली बादली काढली. दादा, वहिनी, दोन्ही मुलं, सगळे इकडेच न्हायला आले. काढलं तेवढं गार पाणी वरून ओतत गेले, दुसरा जाळ घातला, एकूण 3.1 किलो लाकूड गेलं आणि आठ बादल्या निघाल्या.

आई शेवटी न्हायली. बाहेर येऊन, केस टॉवेलात गुंडाळून, निखाऱ्यांशी हात शेकत बसली थोडा वेळ. मग म्हणाली, "पुरे आता, विझू दे."

निखारे निवल्यावर जाळी उचलली, राख पत्र्याच्या डब्यात काढली, नळ्यातून फडकं फिरवलं.